सामानापाशी थांबलेले सर

भूगोलाच्या एका शिक्षकाला मी ज्वालामुखी पाहू दिला नाही. वाक्य इतके साधे आहे, की ते लिहायला मला एवढी वर्षे का लागावीत असा प्रश्न कुणालाही पडेल. ही गोष्ट मी पत्नीलाही सांगितली नव्हती. सांगण्यासारखे त्यात काय आहे, असे स्वतःला बजावत राहिलो. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचे घर मोडले नाही. तरीही निजायला पाठ टेकली की काही वेळा त्या बंदराचा धक्का डोळ्यांपुढे येतो, आणि त्यावर पाठपिशव्यांच्या ढिगाशेजारी पाय जुळवून बसलेले सर दिसतात.

आम्ही सगळे त्यांना 'सर' म्हणत असू. इथेही मी तेवढेच म्हणणार आहे.

दोन हजार पाचच्या आगेमागे मी नेदरलँड्समधल्या नायमेखनला विद्यापीठात डॉक्टरेटचे काम करत होतो. तिशी उलटली होती, म्हणजे बरोबरच्या विद्यार्थ्यांत मी थोराड. गावात मराठी घरे मोजकी. त्यांतल्या एका घरी गणपतीला सरांची पहिली भेट झाली. आरतीनंतर पाहुणे एकमेकांना आपापली कंपनी आणि हुद्दा सांगत होते. सरांची पाळी आली तेव्हा त्यांनी हात जोडून सांगितले, "मी डिपेंडंट."

"म्हणजे नक्की काय करता?" कुणीतरी विचारले.

"अवलंबून असतो. परवान्यावर तसंच छापलंय. नोकरी आमच्या साहेबांची." त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केले. "इतकी वर्षं रेशनकार्डावर मी कुटुंबप्रमुख होतो. आता बाजू पलटली."

"रेशनकार्डावरच होतात," आतून त्यांच्या पत्नीचा, काकूंचा, आवाज आला.

काकू चिप तपासणाऱ्या एका कंपनीत करारावर आल्या होत्या. साताऱ्याजवळच्या एका शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या सरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि त्यांच्या मागोमाग सामान बांधले. इथे त्यांना शिकवायला कुणी नव्हते. मग जो भेटेल त्याला ते शिकवू लागले.

वाल नदीच्या पुलावर ते रोज जात. कठड्याला टेकून पाण्याची पातळी पाहात आणि शेजारून जाणाऱ्या अनोळखी माणसाला इंग्रजीत सांगत, की ही खरी ऱ्हाईनच आहे, इथे नाव बदलून राहते. गावाबाहेरच्या चढावर सायकल हातात धरून चालत. सायकलीला ते डच लोकांसारखे 'फीट्स' म्हणत. तिला चढ सोसत नाही, म्हणून आपण उतरायचे, असा त्यांचा नियम होता. एकदा मला त्या चढावर थांबवून ते म्हणाले, "हा डोंगर इथला नाही. बर्फानं ढकलत आणून टाकलाय. म्हणजे तुझ्या-माझ्यासारखाच. बाहेरून आलेला आणि आता पत्ता इथला सांगतोय."

त्यांच्या गळ्यात दोरीला अडकवलेली शाळेची शिट्टी असे. कोटाच्या आत असे, पण असे. तिच्यामागे एक गोष्ट होती. तरुणपणी त्यांनी नेलेल्या एका सहलीत प्रतापगडाखाली एक मुलगा राहिला आणि बस निघून आली. वाईपर्यंत कुणाच्या लक्षात आले नाही. परत गेले तेव्हा तो मुलगा पायऱ्यांवर बसून होता. रडत नव्हता. "रडला असता तर बरं झालं असतं," सर म्हणत. "तो म्हणाला, मला वाटलंच होतं तुम्ही विसराल. तेव्हापासून मी माणसं मोजतो." आणि खरोखरच ते कुठेही माणसे मोजत. वाढदिवसाच्या जेवणात, बसथांब्यावर, हाउसआर्ट्सच्या, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यातसुद्धा. त्यांचे ओठ नकळत हलत. "आधी माणसं, मग देखावा," हे त्यांचे पालुपद होते.

विद्यापीठातल्या डच आणि परदेशी विद्यार्थ्यांचा एक प्रवासगट होता. दर वसंतात तो कुठेतरी स्वस्तातली सहल काढी. त्या वर्षी ग्रीसमधले कोस आणि त्याच्याजवळचे निसिरोस हे छोटे बेट ठरले. व्यवस्थेतला काही भाग माझ्याकडे होता. फलक लागला त्याच दुपारी सर माझ्या प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. रेनकोटातून पाणी ठिबकत होते.

"अरे, निसिरोसला जाताय?"

"हो सर. एक दिवस."

"तिथं काय आहे माहीत आहे का तुला?"

"छान बेट आहे म्हणतात. पांढरी घरं, निळ्या खिडक्या."

"घरं!" ते आत येऊन माझ्या खुर्चीवर बसले. "अख्खं बेट हाच एक ज्वालामुखी आहे. मधल्या विवरात चालत उतरता येतं. अजून वाफ येते. अरे, आपण साताऱ्याची माणसं. घराचा पाया लाव्ह्यावर, शेत लाव्ह्यावर, किल्ला लाव्ह्याचा. जन्मभर मुलांना फळ्यावर खडूनं ज्वालामुखी काढून दाखवला आणि पायाखाली सगळा गार पडलेला. एकदा गरम असताना बघायचाय मला."

डच भाषेच्या वर्गात नाव घातल्यामुळे त्यांच्याकडे विद्यार्थ्याचे ओळखपत्र होते; नियमाने त्यांना येता येत होते. मी होकार दिला. काकूंना रजा नव्हती. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या पुडे घेऊन आल्या. चिवडा, शंकरपाळी, आणि सरांची माकडटोपी. "तू आहेस म्हणून पाठवते," त्या म्हणाल्या. "नाहीतर हे कुणाच्यातरी शेतात उकिडवे बसून माती बघत राहतील आणि विमान जाईल. लक्ष ठेव हं त्यांच्यावर."

लक्ष मी ठेवले. फार ठेवले. तिथेच सगळे बिघडले.

विमानतळावर सरांनी शिट्टी वाजवली. रांगेतली दोनशे माणसे वळून बघू लागली आणि दोन सुरक्षारक्षक आमच्याकडे निघाले. तोवर सरांनी आमच्या गटातल्या धिप्पाड डच आणि स्पॅनिश मुलामुलींच्या जोड्या लावायला घेतल्या होत्या. "आपल्या जोडीदाराचा चेहरा नीट बघून ठेवा," ते इंग्रजीत सांगत होते. "तो दिसला नाही तर ओरडायचं."

गटाची प्रमुख एक उंच डच मुलगी होती. मनात येईल ते सरळ विचारणारी. ती मला म्हणाली, "हे तुझे वडील का?"

"नाही, नाही," मी म्हणालो. "ओळखीचे आहेत."

माझे उत्तर किती झटकन आले ते मलाच ऐकू आले. तिच्या प्रश्नात कुत्सित काहीही नव्हते. जोड्यांचा खेळ मुलांना आवडलाच होता. कोसच्या हॉटेलात सकाळच्या न्याहारीला एखादा गैरहजर असला की त्याचा जोडीदार मजेने ओरडे आणि सगळी मुले हसत. पण ती हसली की मी मान खाली घालून पावाला लोणी लावत बसे. त्या दिवसांत मला सगळ्याचीच धास्ती होती. प्रबंध लांबला होता. रहिवासाच्या परवान्याचे नूतनीकरण अडकले होते आणि पासपोर्टात एक तात्पुरता कागद चिकटवलेला होता. त्याच्या भरवशावर मी देशाबाहेर पडलो होतो. आपण ह्या लोकांत शोभतो का, ही शंका मला अष्टौप्रहर कुरतडत होती. आणि सर भर चौकात, चिवड्याचा डबा उघडून, "हा माझा विद्यार्थी बरं का," अशी माझी ओळख करून देत होते. मी त्यांचा विद्यार्थी कधीच नव्हतो.

निसिरोस शेवटच्या दिवशी होते. सकाळी कोसचे हॉटेल सोडले. संध्याकाळी बोटीने परतून विमानतळाजवळ मुक्काम, पहाटे विमान. म्हणून सामान बरोबर होते. बोटीत सर उभे राहून ज्वालामुखीवर बोलू लागले. दोन्ही हातांनी डोंगर करून दाखवत, तोंडाने उकळण्याचा आवाज काढत. मुले गोल करून बसली. कुणी फोटो काढत होते, एकजण त्यांचा उकळण्याचा आवाज तसाच्या तसा काढत होता. हशा पिकला. आज मला त्या हशातला जिव्हाळा कळतो. तेव्हा मी डेकच्या टोकाला जाऊन पाण्याकडे बघत उभा राहिलो आणि ठरवले, की निदान आजचा दिवस मला ह्या माणसाशिवाय हवा.

बेट जवळ आले ते खरोखर चित्रासारखे. पांढरी घरे पाण्यापर्यंत उतरलेली, वर कड्यावर मठ, गॅलऱ्यांतून सुकत घातलेली रंगीत पांघरुणे. धक्क्यावर विवराकडे जाणारी छोटी बस उभी होती. समोरच्या उपाहारगृहाचा मालक बाहेर आला आणि त्याने मला खुणेने आतली एक खोली दाखवली: सामान इथे टाका, कुलूप लावतो, जा खुशाल. सर त्या वेळी बोटीवरून उतरणारी माणसे मोजत होते. त्यांची पाठ होती.

मी त्यांच्याजवळ गेलो. "सर, जरा अडचण आहे."

"कोण राहिलं?"

"सगळे आहेत. बसमध्ये एक जागा कमी पडतेय. आणि सामानापाशीही कुणीतरी..."

वाक्य मी मुद्दाम अर्धे सोडले. सामानापाशी कुणीतरी थांबायला हवे, हे आपल्या माणसाला पटवून द्यावे लागत नाही. आपल्या प्रत्येक प्रवासात घरातले एक माणूस सामानापाशी बसते आणि बाकीचे देऊळ म्हणा, समुद्र म्हणा, पाहून येतात. बहुतेक वेळा ते घरातले सर्वांत भरवशाचे माणूस असते. डच मुलांना असली कल्पनाच नव्हती. ती जोखीम फक्त सरांच्या गळ्यात घालता येण्यासारखी होती, आणि ती कशी घालायची हे तिथे फक्त मला माहीत होते.

सरांनी बसकडे पाहिले. मग डोंगराकडे.

"पुढची बस?"

"आज नाही, सर." हे मी कुणाला विचारलेसुद्धा नव्हते.

"मग तू जा," ते म्हणाले. "मुलांबरोबर मोठं माणूस पाहिजे. वाफ येते तिथली माती वरून घट्ट दिसते, आत पोकळ असते. कडेला कुणाला जाऊ देऊ नकोस." मी वळलो तेव्हा त्यांनी परत हाक मारली. "आणि हे बघ. खाली उतरलास की जमिनीला तळहात लाव. आल्यावर मला सांग."

बस सुटली. प्रमुख मुलगी माझ्या शेजारी बसली होती. पलीकडची जागा रिकामी होती.

"तुझे सर कुठे आहेत? तीन दिवस ते ह्याच्याविषयीच बोलताहेत."

"त्यांना बरं वाटत नाहीये," मी म्हणालो.

विवराविषयी मी काय सांगू? उतरताना गंधकाचा वास नाकात बसतो. तळ पांढुरका, भेगाळलेला. जागोजागी पिवळ्या स्फटिकांच्या कडा असलेली भोके आणि त्यांतून फुसफुसत येणारी वाफ. पाऊल टाकले की खाली घुमते, जणू कुणाच्या तरी माळ्यावरून चालतो आहोत. बुटांच्या तळव्यांतून ऊब चढत येते. मुले वाकून हात लावत होती, चटका बसला की किंचाळत होती. मी हात लावला नाही. दोनदा खाली वाकलो आणि दोन्ही वेळा बुटाची नाडी बांधून उठलो.

दुपारी वारा उठला. परतीच्या अरुंद वळणावर समोरून आलेली दुसरी बस आमच्या बससमोर अडकली. दोन्ही चालक खाली उतरून वाद घालू लागले. वरून समुद्र दिसत होता. मघाचा निळा गेला होता आणि पाण्यावर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. एका मुलाने बोटवाल्याला फोन लावला. बोटवाला म्हणाला, वारा वाढतो आहे, लवकर निघावे लागेल, कुणासाठी थांबणार नाही. फोन बंद झाला.

बोट गेली तर पहाटेचे विमान जाणार. माझा पासपोर्ट आणि त्यातला तो तात्पुरता कागद माझ्या पिशवीत, म्हणजे धक्क्यावर सरांजवळ. आणि सर? बोटवाला त्यांना ओढून आत घेईल का, की ते तसेच ढिगापाशी उभे राहतील? त्यांना ग्रीक येत नाही. त्यांचे इंग्रजी साताऱ्याचे. मी काकूंना काय सांगणार होतो? बसमधली मुले गाणी म्हणत होती. मला पहिल्यांदाच त्यांना मोजावेसे वाटले आणि मोजताना मी सारखा चुकत होतो.

अखेर बस सुटली. शेवटच्या वळणावरून धक्का दिसला आणि आधी मला काही उलगडेना. बोट हलत होती, पण तिथेच होती. धक्क्यावरून बोटीत जायची फळी आमच्या पाठपिशव्यांनी भरून गेली होती, एकीवर एक. त्या सगळ्यांच्या वर, माकडटोपी कानांवर ओढून, सर बसले होते. फळी उचलणे शक्यच नव्हते. नावाडी दोन्ही हात वर करून ओरडत होता. सर त्याला शांतपणे, एखाद्या मंद विद्यार्थ्याला समजवावे तसे, सांगत होते, "माय चिल्ड्रन. अप. यू वेट."

बस दिसताच त्यांनी शिट्टी वाजवली. बोटीतले इतर प्रवासी टाळ्या वाजवू लागले. मुले धावत उतरली, सरांनी प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजले, आणि सगळे आत गेल्यावरच स्वतः फळी ओलांडली. प्रमुख मुलगी त्यांच्या गळ्यात पडली. मग तिने विचारले, "आता बरं वाटतंय का तुम्हाला?"

"मी? आय ॲम फर्स्ट क्लास," सर म्हणाले. ते हसले, आणि हसताहसता त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पिशवीचे बंद घट्ट करू लागलो. त्यांना तेव्हा काही उमगले की नाही, हे मला माहीत नाही. त्यांनी विचारले नाही.

बोट सुटल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. लाटांचे तुषार उडत होते.

"हं. सांग आता. हात लावलास?"

"हो सर."

"कशी होती?"

"कोमट," मी म्हणालो. "विशेष काही नाही, सर. आपल्याकडच्या दगडखाणीसारखंच दिसतं. वास मात्र येतो."

"असं होय," ते म्हणाले. "चित्रांत फार दाखवतात नाही का." मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, "तुझी निराशा झाली असेल रे. एवढ्या लांब आलास."

पुढच्या हिवाळ्यात काकूंचा करार संपला आणि दोघे साताऱ्याला परतले. मी नोकरीसाठी आइंडहोवनला आलो, इथलाच झालो. दिवाळीला त्यांचा फोन येई. त्यात ते बोट अडवल्याची गोष्ट हटकून काढत. दर वर्षी वारा थोडा वाढे आणि नावाडी थोडा उंच होई. मी हसत असे. दर वर्षी ठरवत असे की ह्या खेपेला सांगू, आणि दर वर्षी माझ्या मुलीला हाक मारून फोन तिच्या हाती देत असे. ती डच वळणाचे मराठी बोले. सरांना ते फार आवडे.

दोन वर्षांपूर्वी साताऱ्याला गेलो. मुद्दाम गेलो, वाटेत दुसरे कुठलेही काम ठेवले नाही. सर खुर्चीत होते, अंग पार वाळलेले. कानाचे यंत्र टेबलावर पडलेले होते. ते कानात कुईं करते म्हणून घालत नाहीत, काकूंनी सांगितले. शेजारचे एक गृहस्थ वर्तमानपत्र परत द्यायला आले होते.

"हा बघा, हा," सर त्यांना म्हणाले. "ह्याच्याबरोबर गेलो होतो मी ज्वालामुखीच्या बेटावर."

"मग आत उतरला होता का, सर?" शेजाऱ्यांनी मोठ्याने विचारले.

"नाही हो. बसमध्ये एक जागा कमी पडली. आणि सामानापाशी कुणीतरी पाहिजेच की."

"तेवढं एक राहिलं बघा ह्यांचं," काकू माझ्यासमोर चहा ठेवत म्हणाल्या. "अजून म्हणतात, एक जागा असती तर."

मी खुर्ची पुढे ओढली. "सर, मला काही सांगायचं आहे," मी म्हणालो, आणि जे सांगायचे होते ते सांगितले. माझा आवाज मुळात लहान.

"काय?" सरांनी कानामागे हात धरला.

मी पुन्हा सांगितले.

"ऐकू नाही येत त्यांना," काकू म्हणाल्या. "मोठ्यानं बोल. अगदी मोठ्यानं."

शेजारी जायला उठले होते, ते दारात थांबले. जन्मात मी कुणाशी वरच्या पट्टीत बोललेलो नाही.

"सर, बसमध्ये जागा होती!" मी म्हणालो. "सामान ठेवायला खोलीही होती! मी तुमच्याशी खोटं बोललो!"

सर माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले, जणू ते काही मोजत होते.

"जागा होती?"

"होती, सर."

"मग मला का नाही नेलंस?"

ते रागावले नव्हते. त्यांना खरोखरच कारण हवे होते, आणि ते ऐकू येईल इतक्या मोठ्याने हवे होते.

"मला तुमची लाज वाटत होती, सर!" मी ओरडलो. "तुम्ही माझ्याबरोबर आहात, ह्याची लाज वाटत होती. आणि जमिनीला मी हात लावलाच नाही. तेही खोटं होतं. मला क्षमा करा, सर. काकू, तुम्हीही मला क्षमा करा."